चौथं बटण

दर हंगामाला आम्ही प्रेक्षकांना काहीतरी नवं देतो.
तिकिटाच्या जागी मोबाइलवर काळ्या ठिपक्यांची रांगोळी,
मनगटाला पट्टा, जो चढाई सुरू झाली की लाल होतो,
खुर्चीचा नंबर टाकला की बसल्या जागी वडापाव.
आणि यंदा खेळाडूच्या गळ्याशी
ज्वारीच्या दाण्याएवढा माईक.
अ‍ॅप उघडा, चौथं बटण दाबा,
कानात थेट त्याचा दम.

चौथं बटण हे माझं काम.

चाचणीला आले मुरलीधर गव्हाणे, वय एकाहत्तर,
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त.
काचबिंदूनं डोळे नेले त्याला नऊ वर्षं झाली.
'आवडता संघ' या रकान्यात
भाचीकडून लिहून घेतलेलं :
जो शेवटपर्यंत दम टिकवतो तो.

"मातीवर खेळ होता तेव्हा," ते म्हणाले,
"डोळे मिटूनसुद्धा कळायचं
पोरगा निदान रेषेपाशी आहे की परत फिरलाय.
आता तुमचा तो डीजे.
लग्नाच्या वरातीत बसल्यासारखं वाटतं,
नवरा कुठंय ते कळत नाही."

मी त्यांच्या उजव्या कानात बोंडूक बसवलं.
डावा मोकळा ठेवा म्हणाले, मैदानासाठी.

उत्तरार्ध. सतरा नंबरचा काटवटे चढाईला.
समोर पाच जण, साखळी धरून.
त्यानं बोनस घेतला, वळला,
कोपऱ्यातल्यानं घोटा धरला,
आणि मग ढीगच. शिट्टी.
बालेवाडी उभी राहिली.
सगळ्या मनगटांवरचे पट्टे एकदम विझले.

गव्हाणेकाकांनी हात वर केला :
"थांबा. अजून बोलतोय तो."

मला माहीत होतं काय झालंय.
बालेवाडीतला श्वास आधी घाट उतरतो,
मुंबईत कुठल्याशा थंडगार खोलीत वळसा घेतो,
पुन्हा घाट चढून यांच्या कानात येतो.
दोन सेकंद एक दशांश.
तेवढ्यात माणूस पकडला जातो, बाकावर जाऊन बसतो.

"काका, तो आउट झाला. आवाज उशिरा येतोय."
"मला शिट्टी ऐकू आली," डावा कान दाखवत ते म्हणाले.
"तुम्ही याचं ऐका."
पण तोवर संगीत सुरू झालं होतं.

शेवटी मी फॉर्म पुढे केला.
अनुभव कसा वाटला? एक ते पाच तारे.
"तारे दिसत असते
तर तुमच्याकडे आलो असतो का, बाई?"

रात्री बाणेरच्या ऑफिसात मी नोंद केली :
'तक्रार, उशीर.'
साहेबांनी विचारलं, किती खाली आणता येईल?
म्हटलं, अर्ध्या सेकंदावर. सर्व्हर इथंच आणला तर.
मंजूर झालं. चहा झाला. सगळे गेले.

मी सतरा नंबरची मूळ फाइल उघडली,
घाट न उतरलेली.
कबड्डी कबड्डी कबड्डी, मॅटवर तळवे,
कापड फाटल्याचा आवाज,
कुणाचं तरी ढोपर माईकला लागलं,
मग शिट्टी. स्वच्छ, लांब.

आणि शिट्टीनंतर, पाच जणांच्या खाली,
तोंड मॅटमध्ये दाबलेलं असताना,
कब...
कब...
क...
मी मोजलं. अकरा वेळा.
पंचांनी कधीच हात वर केला होता.
गुणफलक बदलला होता.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं,
किंवा सांगितलं असेल, त्यानं ऐकलं नसेल.

साडेअकरा झाले होते, तरी फोन लावला.
भाचीनं घेतला, त्यांच्याकडे दिला.
म्हटलं, काका, तुमचं बरोबर होतं.
शिट्टीनंतरही बोलत होता तो.

पलीकडे फक्त पंख्याचा आवाज.
मग, "सांगितलं होतं की."
आणि फोन ठेवला.

फॉर्म अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
ताऱ्यांची जागा मोकळी.
उशिराची तक्रार मी खोडलेली नाही,
फक्त तिच्याखाली पेन्सिलीनं लिहिलंय :
अकरा.